कप्तानाचं रडणं

आमच्या काडीचा घसा सध्या घरातला सगळ्यात महागडा दागिना आहे. सकाळी उठला की आई त्याला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावते. पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळू देत नाही. तो नुसता खाकरला तरी हातातलं काम टाकून धावत येते. हेच काम मी त्याच्या आधी करत होते आणि माझ्या घशाची चौकशी कुणीही केली नाही. मी खोकले तर बाबा म्हणायचे, "आवाज कमी कर गं, बातम्या चालल्यात."

काडी म्हणजे माझा धाकटा भाऊ. शर्टाच्या आत कुणी आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं, म्हणून काडी. आणि काम म्हणजे डबिंग. टीव्हीवर एक कार्टून लागतं. त्यात एक पोरगा आंघोळीच्या टबात बसून आकाशात उडतो, बरोबर एक लठ्ठ कुत्रा असतो, आणि पोराला सगळे कप्तान म्हणतात. कार्टून बनतं भलतीकडेच, भलत्याच भाषेत. आपल्याकडे तो माझ्या तोंडाने बोलायचा. टब उडवताना जो ओरडतो ना, "हटा रे ढगांनो", ती मी. अख्ख्या गल्लीतली पोरं जिन्याच्या कठड्यावरून उड्या मारताना तेच ओरडायची, आणि मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून जायचे. कुणाला पत्ता नाही. मला फार भारी वाटायचं.

शाळा मी नववीत सोडली. मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. त्यानंतर मी दिवसभर जिन्यात उभी राहून कुणा ना कुणाशी भांडायचे. एकदा सायकलवरून अशीच जुंपली होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "आत्ता शिव्या देत होता तो पोरगा कुठे गेला?"

मी म्हटलं, "कुठला पोरगा? मीच आहे."

काका रेकॉर्डिस्ट. त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत नेलं.

स्टुडिओ म्हणजे नाव मोठं. दोन खोल्या, मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे काका आणि डबिंग करून घेणाऱ्या मॅडम, पलीकडे माईक आणि आपण. भिंतींना सगळीकडे करडा स्पंज. टेक, म्हणजे रेकॉर्डिंग, चालू असताना एसी बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते, त्यामुळे पाच मिनिटांत पाठ भिजते. चित्राचा एकेक तुकडा समोर येतो, ओठ उघडले की बोलायचं, मिटले की गप्प. कप्तानाचं तोंड ताटलीएवढं उघडतं, त्यात कितीही लांब शब्द बसतो. मॅडम सांगायच्या, कार्टूनमधले निम्मे पोरगे बायकाच बोलतात. खरा पोरगा काम शिकेशिकेपर्यंत त्याचा आवाज फुटतो, मग पुन्हा नवा शोधा. बायकांचं तसं नाही. "तू म्हातारी झालीस तरी बारा वर्षांचाच राहशील," असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी ते धरून बसले होते.

सगळं बिघडवलं आमच्या प्रोफेसरने.

ती माझी मावसबहीण. खरं तर कॉलेजात शिकते, पण शिकवल्यासारखी बोलते म्हणून प्रोफेसर. तिचा विषय आहे मीडिया, म्हणजे टीव्ही बघायचा आणि मग त्याच्यात काय चूक आहे ते सांगायचं. या वेळी तिला प्रकल्प होता, माध्यमं, लिंगभाव आणि ओळख. ती मोबाइल घेऊन स्टुडिओत आली, मला कप्तानाच्या आवाजात बोलायला लावलं, आणि मग गंभीर तोंड करून विचारलं, "एका मुलाचा आवाज होताना तुला आतून काय वाटतं? तुझी स्वतःची ओळख कुठे जाते?"

मी म्हटलं, "भूक लागते. एसी बंद असतो ना."

तिने ते वर्गात दाखवलं. वर्गाला आवडलं. मग तिने ते सगळीकडे टाकलं आणि ते पसरलं. पहिल्या दिवशी लोक हसले, वाहवा केली, आणि मी फोन हातातून सोडेना. दुसऱ्या दिवशी आईबाप लिहायला लागले. आमचा मुलगा कप्तानाचा शर्ट घालायला तयार नाही, म्हणतो ती मुलगी आहे. आमचा मुलगा रडतोय. आमच्या मुलाला वर्गात चिडवतात. एकाने लिहिलं, फसवणूक आहे ही. आता बघा, एक पोरगा टबात बसून ढगातून जातो, कुत्रा नकाशा वाचतो, तिथे काही फसवणूक नाही. मी बोलले ती फसवणूक.

चॅनल घाबरलं. नव्या भागांपासून कप्तानाला खऱ्या मुलाचा आवाज पाहिजे, असा निरोप आला.

प्रोफेसर मला समजवायला घरी आली. "तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाली. "यातून हेच सिद्ध होतं की मुलगा असणं हे निसर्गतः नसतं, ते सतत करत राहावं लागतं."

मी म्हटलं, "मी करतच होते की. काढलं मला."

त्यावर ती खुर्चीत सरसावून बसली. मग मोबाइल काढून म्हणाली, "हे वाक्य मी वापरू?"

खऱ्या पोरांच्या चाचण्या झाल्या. एकजण माईक बघून मुका झाला. एकाला नाक साफ करायची सवय होती. एकजण छान बोलायचा, पण ओठ उघडायच्या आत सगळं वाक्य संपवून मोकळा. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते आणि प्रत्येकाच्या वेळी मला गार वाटत होतं. काडी माझ्याबरोबर आला होता, कारण घरी कुणी नव्हतं. तो कंटाळून कुत्र्याशी बोलावं तसा माझ्या चपलेशी बोलत बसला होता, कप्तानाच्या वाक्यांनी. त्याला सगळी पाठ होती. मी घरी सराव करताना समोर तोच असायचा ना.

मॅडम दारात आल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राजा, जरा आत येतोस?"

मला कधी कुणी राजा म्हटलं नव्हतं. राणी पण नाही.

तेव्हापासून घरात गुळण्या चालू झाल्या. बाबा, जे माझ्या कामाला "ते तुझं ओरडणं" म्हणायचे, ते लिफ्ट दुरुस्त करायला जातील तिथे सांगायला लागले, आमचा मुलगा टीव्हीत आहे. काडीला नवी पाण्याची बाटली आली. जिन्यातली पोरं त्याला म्हणायला लागली, "ए कप्तान, ओरडून दाखव ना." तो लाजायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याचं ते माझ्याकडे बघणं मला सगळ्यात जास्त खुपायचं. गर्वाने फुगला असता तर एक चापट मारून मोकळी झाले असते.

मला मॅडमनी उपकार केल्यासारखं एक काम दिलं. नव्या भागांत कप्तानाची बहीण येते. केसांत दोन फुलं, आवाज मंजुळ, सारखी "दादा, सांभाळ" म्हणत असते. आणि शिवाय काडीजवळ बसून त्याला जमत नसेल तिथे दाखवायचं. म्हणजे माझंच काम त्याच्या तोंडात भरवायचं.

पहिल्याच दिवशी मी आत गेले. "दादा, सांभाळ."

"गोड," मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या. "धमकी दिल्यासारखं नको. थोडी मुलीसारखी बोल ना."

"मी मुलगीच आहे, मॅडम."

"हो गं, पण ऐकून वाटत नाही."

मग काडीची पाळी. त्याने ढगांना हटायला सांगितलं. ढगांना त्रास होईल अशी काळजी त्याच्या आवाजात होती.

"दम पाहिजे राजा. थोडा मुलासारखा बोल ना. ताई कशी बोलायची?"

काडी म्हणाला, "पण मी मुलगाच आहे."

काका हसले आणि हातातला अर्धा कप चहा बटणांवर सांडला. मशीन पुसण्यात दुपार गेली. सगळे हसत होते. मी पण हसले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. मुलासारखं बोल म्हणजे माझ्यासारखं बोल. एवढं कळतंय यांना, आणि तरी मी केसांत फुलं घालून उभी.

असं रोज चाललं. तो ओरडायचा, मॅडम माझ्याकडे बघायच्या, मी ओरडून दाखवायचे, तो माझी नक्कल करायचा. माझ्या आवाजाची त्याची नक्कल खऱ्या मुलाचा आवाज म्हणून पुढे जायची. मी मनातल्या मनात प्रत्येक तुकडा मोजायचे. हे माझं. हेही माझंच. इथे श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा माझं.

मग तो भाग आला ज्यात कुत्रा पडतो.

टब वादळात सापडतो, कुत्रा काठावरून घसरतो आणि ढगांत नाहीसा होतो. कप्तान टबात बसतो, तोंड गुडघ्यांत घालतो, खांदे हलतात. कुत्रा नंतर सापडतो, पण ते नंतर. या तुकड्यात गंमत अशी की तोंडच दिसत नाही. ओठ जुळवायची भानगड नाही. त्या खांद्यांवर जे रडणं घालाल ते बसेल. आणि त्या दिवशी चॅनलवाला बघायला येणार होता, कारण पोरं हा भाग डोळे फाडून बघणार, आणि नवा आवाज पहिल्यांदा तिथेच नीट कळणार.

जुन्या भागांत कप्तान एकदोनदा रडला होता. तेव्हा मी आवंढा गिळला होता. नुसता आवंढा, एकच, आणि मग नाकातून तुटका श्वास. मॅडमनी तेव्हा हेडफोन काढून ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, "पोरगाच रडतोय." माझ्या सगळ्या कामात मला त्या आवंढ्याचा सगळ्यात जास्त गर्व होता.

बाहेरच्या बाकावर काडी मांडीवर हात ठेवून बसला होता. "ताई, तो आवंढा परत दाखव ना एकदा."

माझं डोकं सकाळपासून तापलेलं. आईने त्याला स्टुडिओत सोडायला रिक्षा केली होती आणि मला म्हणाली होती, तू ये चालत, तुझं काय एवढं.

मी म्हटलं, "एक सांगू तुला? मुलगा आहेस म्हणून घेतलंय तुला. आवाज चांगला आहे म्हणून नाही. रस्त्यावरचा कुठलाही पोरगा चालला असता. एवढं लक्षात ठेव आणि जा आत."

त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि आत गेला.

चॅनलवाला काकांच्या मागे खुर्ची ओढून बसला. पायावर पाय. मी दाराशी उभी. एसी बंद झाला. समोर टब, वादळ, कुत्रा गेला. कप्तानाने मान खाली घातली.

काडी रडला.

आवंढा वगैरे काही नाही. तो सरळ भोकाड पसरून रडला. आधी एक बारीक आवाज आला, दार करकरावं तसा, आणि मग सगळं सुटलं. तुकडा संपला, पडदा काळा झाला, तरी तो रडतच होता. काकांनी बटणावरचा हात उचलला नाही.

मॅडम माईकवर झुकल्या. "राजा, बरं आहे ना? छान होतं हं. पण कप्तान असा नाही रडत. कप्तान धीराचा आहे. ताई करायची तसं कर, आवंढा गिळ."

काडीने बाहीने नाक पुसलं. "नको."

"नको म्हणजे?"

"तो आवंढा माझाच आहे," तो म्हणाला. माईकमधून त्याचा आवाज स्पीकरवर येत होता, त्यामुळे खोलीभर ऐकू गेला. "बाबा ओरडले की मी रडायला लागतो. मग ते म्हणतात, मुलगी आहेस का रडायला. मग मी गिळतो. ताई समोर बसून बघायची. एकदा तर म्हणाली, थांब, परत कर. आणि मग तिने तो इथे केला."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. न बघणंही कळतं.

खरं होतं. मी बघायचे. जेवताना, अभ्यास घेताना बाबांचा आवाज चढला की मी त्याच्या गळ्याकडे बघायचे. ती गुठळी वर यायची आणि खाली जायची. मला वाटायचं, काय सही करतो हा. मला वाटायचं मी शोधलंय ते.

"ते मला घरी करावं लागतं," काडी म्हणाला. "इथे तरी नको."

चॅनलवाल्याने पाय खाली घेतला. घसा साफ केला. "असं करू या," तो म्हणाला. "मुलाचं ठेवा बाजूला. पण मला तो धीराचा पण पाहिजे. लहान मुलं बघतात, हिरो असा ढसाढसा रडून कसं चालेल. एवढ्या एका जागी जुना आवाज टाका, कुणाला कळणार नाही. आणि बसला तर पुढचं पण बघू. नाव मुलाचंच राहू दे, आवाज हिचा घेऊ."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "करतेस?"

मी आत जाऊन उभी राहिले तेव्हा काडी बाहेर गेला होता. माईक त्याच्या उंचीवर होता, तो मी माझ्या तोंडापर्यंत ओढला. हेडफोनच्या गाद्या ओल्या होत्या. मला आनंद झाला होता, दुसरं काही नाही. मी परत आत आले होते. पाटी त्याची असेना का, आवाज माझा. टब, वादळ, कुत्रा. खांदे हलले.

मी आवंढा गिळला. बरोबर जागेवर. मग तो नाकातला श्वास.

इतका चांगला मी कधीच केला नव्हता.

"हेच," चॅनलवाला म्हणाला. "बघा, हा मुलगा वाटतो."

काकांनी दोन्ही एकामागे एक लावून दाखवले. आधी माझा. छान, स्वच्छ, एकदम बेताचा. मग काडीचा. तो चालू झाला आणि मी पुढे सरकले. मी खूप शोधलं, त्यात काही चूक सापडते का. सुरुवात जरा उशिरा होती. शेवटी नाक वाजलं होतं. बाकी काही नाही. कप्तानाचा कुत्रा खरंच गेला होता. माझ्या टेकमध्ये कुत्रा गेला नव्हता, फक्त एक पोरगा शहाण्यासारखा वागला होता.

आणि मग आतून जे उसळलं ते आधीच्या सगळ्याहून वाईट होतं. रिक्षा, बाटली, राजा, ते सगळं परवडलं. हे कसं करतो हा? मला हे कधी का सुचलं नाही? मला तर घरी कुणी गिळायला पण लावलं नव्हतं. मुलगी होते, खुशाल रडायची परवानगी होती, आणि मी भांडत बसले.

"हा फायनल करतो," काका माझ्या टेकवर बोट ठेवून म्हणाले.

"माझा नका लावू," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं आता?"

"खोटा वाटतो."

"अगं, साहेबांना आवडलाय. तुझं काम परत मिळतंय तुला, कळतंय का?"

"कळतंय. दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझा खोटा वाटतो. मी कप्तान होते, मला माहीत आहे. तो खोटा टाकायचा असेल तर माझ्या घशातून नाही. दुसरं कुणी बघा."

चॅनलवाल्याने विचारलं, "ही नेहमी अशी बोलते?"

"हे सौम्यच म्हणायचं," काका म्हणाले आणि माझा टेक पुसून टाकला. पुसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चॅनलवाला उठला, जरा वेळ काडीचाच टेक पुन्हा ऐकला, मोबाइल बघितला आणि म्हणाला, ठीक आहे, जाऊ द्या, वेळ नाहीये, वरून ओरडा आला तर बघू. मग मॅडमनी मला बहिणीच्या तुकड्यांसाठी उभं केलं आणि मी जशी बोलते तशी बोलले. त्या वैतागल्या होत्या, पण तेच ठेवलं.

घरी चालत निघालो. काडी दोन पावलं मागे. मी मुद्दाम भरभर चालत होते.

"ताई, राग आलाय?"

"हो."

"माझ्यावर?"

"मग काय खांबावर?"

तो सिग्नलपाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मी तसं सगळ्यांसमोर सांगायला नको होतं."

"खरं होतं ते. गप्प बस."

"बाबांना कळेल का?"

"भाग लागेल तेव्हा बघतील. बघतील आणि म्हणतील, आमचा मुलगा टीव्हीत रडतोय. मला बघायचंय त्यांचं तोंड."

तो हसला. अगदी बारीक. मग म्हणाला, "उद्या कुत्रा सापडतो त्याचा तुकडा आहे. कप्तान खूप हसतो, टबात लोळून. मला मुद्दाम हसता येत नाही. तू कसं करतेस?"

ते हसणं माझं होतं. ते मी कुणाच्या गळ्याकडे बघून घेतलं नव्हतं. काका म्हणायचे, या हसण्यावर मशीनचा काटा नाचतो. एवढंच शिल्लक राहिलं होतं माझ्याकडे आणि तो तेही मागत होता, बाही नाकाला लावून.

"उद्या बघू," मी म्हटलं.

"म्हणजे शिकवशील?"

"म्हणजे उद्या बघू."

सिग्नल सुटला. तो पुढे निघाला आणि रस्ता ओलांडताना मोठ्याने हसून बघायला लागला, हा हा, हा हा, कुणी गुदगुल्या करायला विसरल्यासारखं. माणसं वळून बघायला लागली. मी पलीकडे पोचेपर्यंत दात आवळून ऐकलं.

"पोटातून," मी शेवटी म्हटलं. "गळ्यातून नाही रे, गाढवा. पोटातून."